स्थळं येतायत म्हणून पोरीचा चेहरा बदलायचा का?

पत्र : ताई नमस्कार. माझी धाकटी मुलगी १९ वर्षांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे. घरात तिला आम्ही चिऊ म्हणतो. मोठा मुलगा २८चा, पुण्यात नोकरीला, त्याच्यासाठी स्थळं बघतोय. दोन ठिकाणी पत्रिका जुळली, फोनवर बोलणं छान झालं, पण ती माणसं घरी येऊन चिऊला बघून गेली आणि त्यानंतर काही निरोपच नाही. आता माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणतात की मुंबईत एक प्लास्टिक सर्जन आहेत, डोळ्यांचे कोपरे सरळ करतात, नाकाला उंची देतात, जीभ पण थोडी कमी करतात, मग बघणाऱ्याला कळत सुद्धा नाही. मिस्टर म्हणतात पैशाचं होईल, करून टाकू. मुलगा काहीच बोलत नाही. हो म्हटलं तर वाटतं मीच माझ्या लेकीला नाकारतेय, नको म्हटलं तर दोन्ही मुलांच्या वाटेत मीच उभी आहे असं वाटतं. आणि परवा मी बघितलं, चिऊ आरशासमोर उभी राहून दोन्ही डोळ्यांचे कोपरे बोटांनी ओढत होती. तेव्हापासून झोप नाही. – एक आई, नाशिक

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस तसंच ठेवून दिलं, लगेच लिहायला घेतलं असतं तर नीट लिहिता आलं नसतं. माझा धाकटा भाऊ नंदू, आता ५१ वर्षांचा आहे, त्यालाही डाऊन सिंड्रोम आहे, आणि माझ्यासाठी स्थळं बघत होते त्या वर्षी आमच्या घरात जे चाललं होतं ते तुमच्या पत्रात जसंच्या तसं आहे, फक्त तेव्हा प्लास्टिक सर्जरी वगैरे आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आमच्याकडे सोपा उपाय होता. बघायला माणसं येणार असली की नंदूला शेजारच्या काकूंकडे पाठवायचे. त्याला वाटायचं घरात कार्यक्रम आहे, म्हणून तो नवा शर्ट घालायचा, वरचं बटण सुद्धा लावायचा, आणि मग काकूंच्या गॅलरीत उभा राहून आमच्या दाराकडे बघत राहायचा. मी पोह्यांच्या डिश घेऊन बाहेर यायचे तेव्हा खिडकीतून तो मला दिसायचा. दोन वेळा असं झालं आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले. तिसऱ्या वेळेचं नंतर सांगते.

आधी आरशाचं बोलू, कारण सगळ्या पत्रात मला तेच जास्त टोचलं. चिऊ डोळ्यांचे कोपरे ओढत होती, आणि तुम्ही अर्थ लावलात की तिला आपले डोळे आवडत नाहीत. असेलही तसं. पण अजून एक शक्यता आहे, जी घरात कोणाच्या डोक्यात आलेली दिसत नाही. ज्याला नीट दिसत नाही ना तो माणूस डोळ्याचा कोपरा ओढतो, डोळ्याची फट बारीक झाली की थोडं स्पष्ट दिसतं, चष्मा घरी विसरलेला माणूस बसची पाटी वाचताना करतो तसं. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना चष्म्याचा नंबर असणं खूपच कॉमन आहे, मोतीबिंदू कमी वयात येऊ शकतो, आणि केराटोकोनस म्हणून एक आजार आहे ज्यात डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, तोही ह्यांच्यात जास्त आढळतो आणि साधारण चिऊच्याच वयात सुरू होतो, डोळे चोळायची सवय असली तर वाढतो. पापण्यांच्या कडा सुजून खाज येते तो त्रास वेगळाच. तुमच्या पत्रात चष्म्याचा उल्लेख कुठेही नाही. शेवटचे डोळे कधी तपासले होते? प्लास्टिक सर्जनची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची घ्या, आणि त्यांना केराटोकोनससाठी पण बघा असं तोंडाने सांगा, नुसता नंबर काढून परत येऊ नका.

आणि चष्मा लागलाच तर एक सांगते, नाकाचा वरचा भाग बसका असला की साधी फ्रेम सारखी घसरते, मग पोरं चष्मा काढून ठेवतात आणि आपण म्हणतो ऐकतच नाही. दुकानदाराला सांगायचं की नाकावर टेकणारे पॅड ॲडजस्ट होणारे हवेत आणि फ्रेमचा मधला पूल खाली असलेला हवा, कानामागे इलॅस्टिक लावून मिळतं ते पण चालतं. नंदूचा चष्मा वर्षानुवर्षं नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि आम्ही त्याला ओरडायचो.

आता ऑपरेशनचं. जाऊबाईंनी सांगितलं ते काही नवीन निघालेलं नाहीये. १९७०च्या दशकाच्या शेवटी आणि ८०च्या दशकात पश्चिम जर्मनी आणि इस्रायलमध्ये अशी ऑपरेशन्स बऱ्यापैकी झाली, मग इतर देशांतही पोचली. फ्रँकफर्टचे गॉटफ्रिड लेम्पर्ले म्हणून सर्जन होते त्यांनी १९८०मध्ये ह्यावर शोधनिबंध लिहिला, आणि जेरुसलेमचे मानसशास्त्रज्ञ रूवेन फॉयरस्टाइन ह्यांनी ह्या सर्जरीची बाजू लावून धरली. करायचे काय तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची कातडीची घडी काढायची, वर गेलेला बाहेरचा कोपरा खाली आणायचा, नाकाच्या बसक्या भागात आणि गालाच्या हाडावर, हनुवटीवर सिलिकॉन किंवा हाडाचा तुकडा बसवायचा, आणि जिभेचा पुढचा भाग पाचरीसारखा कापून जीभ लहान करायची.

ही माणसं वाईट नव्हती हे मला मुद्दाम सांगायचंय. फॉयरस्टाइनांचं सगळं काम ह्याच्यावर होतं की ह्या मुलांची बुद्धी आपण समजतो तशी एका जागी थांबलेली नाही, ती वाढू शकते. त्यांचा विचार असा की लोक चेहरा बघतात आणि लगेच अपेक्षा खाली आणतात, शिक्षक कमी शिकवतात, मुलं खेळायला घेत नाहीत, मग पोर खरंच मागे पडतं, म्हणून चेहरा बदलला तर तिथून पुढचं सगळं बदलेल. निदान अर्ध्याच्या बाबतीत ते बरोबरच होते, लोक चेहरा बघून अपेक्षा खाली आणतात हे मी आयुष्यभर बघितलंय. पण बघणाऱ्याच्या डोक्यातला प्रॉब्लेम पोराच्या तोंडावर कापून सुटेल हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

जिभेचं तर नीट तपासून झालंय. १९८७मध्ये एक अभ्यास छापून आला, जीभ कमी केलेली १८ मुलं आणि न केलेली ९ मुलं, सगळ्यांना डाऊन सिंड्रोम, ऑपरेशनच्या आधी, नंतर आणि सहा महिन्यांनी उच्चारातल्या चुका मोजल्या. फरक काही पडला नाही. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या मुलांच्या बहुतेक आईबापांना मात्र वाटत होतं की आमचं पोर आता स्पष्ट बोलतंय. हे वाचून मला त्या आईबापांचा राग नाही आला, मला माझी आई आठवली, तिने पण नंदूसाठी एवढं काय काय केलं की प्रत्येक गोष्टीनंतर तिला थोडा फरक वाटायचाच.

मुळात जीभ मोठी असते हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. वरच्या जबड्याचा आणि चेहऱ्याच्या मधल्या भागाचा आकार लहान असतो, टाळू अरुंद असते, म्हणून साध्या मापाची जीभ पण तिथे मावत नाही, त्यात स्नायू सैल, आणि नाक चोंदलेलं असलं की श्वास घ्यायला तोंड उघडं ठेवावंच लागतं, मग जीभ पुढे येते. म्हणून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. रात्री घोरते का, झोपेत मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का, विचित्र अंग दुमडून किंवा बसून झोपते का, दिवसा पेंगते का ते बघा, कारण झोपेत श्वास अडकणं हे डाऊन सिंड्रोममध्ये खूप जणांना असतं आणि घरात कोणाला पत्ता नसतो. टॉन्सिल, ॲडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, काढायची वेळ आली तर ते ऑपरेशन जरूर करा. ऐकू कमी येत असेल, कानात पाणी साचत असेल तर त्याचा इलाज करा. थायरॉइड दरवर्षी. दात आणि हिरड्या तर नक्कीच, हिरड्यांचा त्रास ह्यांना लवकर होतो. बोलण्यासाठी स्पीच थेरपी १९व्या वर्षी पण सुरू करता येते, उशीर झाला असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. मी ऑपरेशनच्या विरोधात नाहीये ताई, ज्याने तिला श्वास, नजर, ऐकणं, खाणं सोपं होईल ते सगळं करायचं, कर्ज काढून करायचं.

पण चेहऱ्याच्या ऑपरेशनमध्ये भूल पण द्यावी लागते, आणि ती ह्या माणसांमध्ये साधी गोष्ट नाही. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काहीतरी दोष असतो, चिऊला लहानपणी होता का माहीत नाही, असेल तर ती फाइल काढा. श्वासनलिका अरुंद असू शकते. मानेचे वरचे दोन मणके काही जणांत सैल असतात, भूल देताना मान मागे वाकवतात तेव्हा तिथे इजा व्हायचा धोका असतो. हे सगळं माहीत असलेले भूलतज्ज्ञ काळजी घेऊन करतातच, हृदयाची, कानाची ऑपरेशन्स रोज होतात. पण तिथे धोका घ्यायला तिच्या फायद्याचं कारण असतं. इथे कारण काय लिहायचं कागदावर?

जाऊबाई म्हणतात बघणाऱ्याला कळत नाही. ताई, कळतं. चिऊ चालत बाहेर येईल, तिची चाल, तिची उंची, तिचे आखूड बोटांचे हात, तिचं बोलणं, तिचं पटकन कोणाच्याही गळ्यात पडणं, हे कुठे जाणार? आणि धरून चालू की अर्धा तास नाही कळलं. मग लग्न होईल, सून घरात येईल आणि आठवड्याभरात तिला कळेल. तेव्हा ती चिऊमुळे नाही दुखावणार, आपल्यापासून लपवलं म्हणून दुखावणार, आणि तो राग कोणावर निघेल? चिऊवरच. ज्या घरात चिऊला उद्या भाऊ-वहिनीच्या आधाराने राहायचंय त्या घरात सुनेचा पहिला अनुभव फसवणुकीचा होऊ देऊ नका.

आता जे मला सगळ्यात जास्त उपयोगाचं वाटतं ते सांगते. ती दोन स्थळं का गप्प झाली असतील? मला नाही वाटत चिऊचे डोळे वर चढलेले आहेत म्हणून. लोकांच्या मनात एकच भीती असते, आपल्या मुलीला ह्या घरात असंच मूल झालं तर? ती भीती कोणी तोंडावर बोलत नाही, पत्रिकेचं काहीतरी कारण काढतात, नाहीतर फोन उचलत नाहीत. ह्या भीतीला उत्तर आहे, आणि बहुतेक तुमच्याच कपाटात आहे. चिऊ लहान असताना डॉक्टरांनी रक्ताची क्रोमोसोमची, म्हणजे गुणसूत्रांची टेस्ट केली असेल, कॅरिओटाइप म्हणतात, तो रिपोर्ट शोधा. डाऊन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के केसेसमध्ये २१ नंबरच्या क्रोमोसोमची पूर्ण जादा प्रत असते, त्याला ट्रायसोमी २१ म्हणतात, रिपोर्टवर ४६च्या जागी एकूण ४७ आकडा असतो. हे घराण्यातून आलेलं नसतं, बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना पेशी विभागताना झालेली ती गोष्ट असते, आणि अशा वेळी तुमच्या मुलाला त्याच्या मुलांच्या बाबतीत इतर कोणाहीपेक्षा जास्त धोका मानला जात नाही. तीन-चार टक्क्यांत मात्र ट्रान्सलोकेशन असतं, म्हणजे २१चा जादा तुकडा दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेला असतो आणि एकूण आकडा ४६च दिसतो. त्यातल्या काही घरांत आई किंवा बाप त्याचे वाहक असतात, स्वतः अगदी ठणठणीत असतात. तसा रिपोर्ट असेल तर तुमची दोघांची आणि गरजेप्रमाणे मुलाची टेस्ट करावी लागते, जेनेटिक काउन्सेलर हेच काम करतात, मुंबई-पुण्यात आहेत. रिपोर्ट हरवला असेल तर टेस्ट परत करा, हातातून थोडं रक्त घेतात, बस. पुढच्या स्थळाला चिऊच्या नवीन नाकापेक्षा तो कागद जास्त बोलेल.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. तिसऱ्या वेळी मी आईला सांगितलं की नंदू घरात राहणार नसेल तर मी पण बाहेर येणार नाही. आई रडली, बाबा चिडले, पण तो राहिला, नवा शर्ट, वरचं बटण. पाण्याचा ट्रे त्यानेच आणला आणि दारातच एक ग्लास कलंडला, सगळं पाणी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या चपलांवर. ते म्हणाले ये इकडे बस, आणि त्याला शेजारी बसवून विचारलं कॅरम येतो का. लगेच सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्यांनी पण चार दिवसांनी बाबांना बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला, घराण्यात आहे का हे. फरक एवढाच की त्यांनी विचारला. तेव्हा आम्ही नंदूची टेस्ट केली, त्याच्या विशीत, रिपोर्टला खूप आठवडे लागले आणि त्या आठवड्यांत आईचं जेवण सुटलं होतं. ट्रायसोमी निघाली. त्यांना अजून एका डॉक्टरांकडून समजून घ्यायचं होतं तेही त्यांनी घेतलं, आणि मग तारीख काढली.

ती टेस्ट करायला एवढी वर्षं का लागली तेही सांगते. नंदू १९७४चा. हॉस्पिटलने जो कागद दिला होता त्यावर निदान म्हणून 'मंगोल' एवढाच शब्द होता. आईने तो ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला होता, मी दहावीत असताना मला सापडला आणि मी भूगोलाच्या पुस्तकातला मंगोलियाचा नकाशा काढून बसले, माझ्या भावाचा आणि त्या देशाचा काय संबंध ते शोधत. संबंध एवढाच की १८६६मध्ये इंग्लंडच्या जॉन लँग्डन डाऊन ह्या डॉक्टरांनी ह्या मुलांचं वर्णन केलं तेव्हा त्यांना ते चेहरे मंगोल वंशाच्या लोकांसारखे वाटले. १९५९मध्ये फ्रान्सच्या जेरोम लेज्युन आणि सहकाऱ्यांनी जादा क्रोमोसोम दाखवला, १९६५मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द सोडला, आणि तरी नऊ वर्षांनी आमच्या कागदावर तोच. चेहरा बघितला, नाव ठेवलं, विषय संपला. हृदय तपासा, कान तपासा, थायरॉइड बघा, असं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. म्हणून तुमच्या घरात परत सगळी चर्चा चेहऱ्याभोवतीच फिरतेय हे वाचून माझा जीव तुटला.

आता खुद्द चिऊ. पत्रात जाऊबाईंचं मत आहे, मिस्टरांचं आहे, मुलाची चुप्पी आहे, तुमची घालमेल आहे, चिऊला काय हवंय हे कुठेच नाही. ती १९ वर्षांची आहे. मिस्टरांनी सही केली की झालं असं कायदा मानत नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की दिव्यांग माणसाला कायद्यापुढे इतरांसारखंच स्थान आहे, आणि १८च्या पुढे पालकत्व लागलंच तर ते मर्यादित, म्हणजे तिच्याशी मिळून, तिची इच्छा धरून निर्णय घ्यायचा. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून तुम्ही कायदेशीर पालक झाला असाल तरी ते पद तिच्या भल्यासाठी सांभाळायचं असतं, भावाच्या सोयरिकीसाठी नाही.

तिला विचारायचं म्हणजे कसं, तर घाईत नाही आणि सगळ्यांसमोर तर अजिबात नाही. ह्या मुलांना आपण लहानपणापासून 'हो म्हण', 'शहाणी ना तू' असं शिकवलेलं असतं, त्यामुळे आवडत्या माणसाला खूश करायला ती कशालाही हो म्हणतात. तू छान दिसशील, करायचं ना? असं विचारलंत तर उत्तर हो येणार, ते धरू नका. घरातलाच फोटो घ्या, तिला विचारा ह्यात तुला काय आवडतं, काय नाही आवडत. आरशात डोळे का ओढत होतीस, दुखतंय, खाजतंय, दिसत नाही, का कोणी काही बोललं? हे एकेक वेगळं विचारा, मधे दिवस जाऊ द्या, परत विचारा आणि उत्तर तेच येतं का बघा. कदाचित तिने जाऊबाईंचं बोलणं ऐकलं असेल. आपण ह्यांच्यासमोर ह्यांच्याबद्दल असं बोलतो जसं काही ती खोलीतच नाहीत, आमच्या घरातही तेच व्हायचं, आणि नंदूला सगळं कळायचं.

आणि समजा तिलाच हवं असेल? उद्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ती तुम्हाला म्हणाली की मला माझं नाक असं नकोय, काय करतात ते तिला समजलंय, सुई, दुखणं, पट्टी, हॉस्पिटलमधल्या रात्री हे सगळं समजलंय, आणि दर वेळी ती तेच सांगतेय, तर मी तिला नाही म्हणणार नाही. बाकीच्या मुली नाक नीट करून घेतात, दात सरळ करतात, त्यांना कोणी विचारत नाही की तू तुझी ओळख का नाकारतेस. डाऊन सिंड्रोम आहे म्हणून तिने आहे तसंच दिसलं पाहिजे अशी सक्ती पण नको. फक्त ते तिचं असू दे. आणि तिला छान दिसायला आवडत असेल तर त्यासाठी आजच किती काय करता येतं, चांगल्या पार्लरमध्ये हेअरकट, भुवया, तिच्या मापाचे शिवलेले कपडे, कारण रेडीमेड ह्यांना खांद्यात नाहीतर लांबीत चुकतंच. ह्यात तिला नाकारण्यासारखं काही नाही, मनात काही आणू नका.

एक प्रसंग सांगते. २०१४मध्ये 'यलो' हा मराठी सिनेमा आला, डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची गोष्ट, आणि तिनेच त्यात काम केलं होतं. मी नंदूला घेऊन गेले. तो सिनेमाला गेला की खाण्यात दंग असतो, त्या दिवशी पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर तसाच. पडद्यावर गौरीचा चेहरा मोठा आला आणि तो माझा दंड धरून मोठ्याने म्हणाला, "ताई, ही आपल्यातली आहे." पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तो चाळीस वर्षांचा होता, आयुष्यभर त्याने पडद्यावर, कॅलेंडरवर, जाहिरातीत माझ्यासारखे, आईसारखे, सगळ्यांसारखे चेहरे बघितले होते, स्वतःसारखा एकही नाही. त्याच्या वर्कशॉपमध्ये, जिथे तो कागदी पिशव्या करतो, तिथे नवीन मुलगा डाऊन सिंड्रोमचा आला की हे सगळे जाऊन त्याला हात लावून बघतात, न सांगता ओळखतात. चिऊच्या ग्रुपमध्ये पण असंच होत असेल, लक्ष देऊन बघा. तिच्या चेहऱ्यात तुमच्या घराचं पण काहीतरी असणार, तुमची हनुवटी नाहीतर तिच्या बाबांचे कान, डाऊन सिंड्रोमची मुलं आपल्या भावंडांसारखी दिसतातच, नंदू हसला की आमचे आजोबा दिसतात.

मिस्टरांशी बोलताना भांडणाने सुरुवात करू नका. ते पैसे खर्च करायला तयार आहेत म्हणजे त्यांना काहीतरी करायचंय, हातावर हात ठेवून बसवत नाहीये त्यांना. त्यांना कामं द्या, फाइल शोधायचं, डोळ्यांच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायचं, जेनेटिक काउन्सेलरचा पत्ता काढायचं. जाऊबाईंना एवढंच सांगा की ठरलं की कळवू.

आणि मुलाला फोन करू नका, पुण्याला जाऊन भेटा, चिऊला न घेता, एकदा दोघंच बसा. तो गप्प आहे म्हणजे त्याला लाज वाटतेय असं नसेल, मी पण दोन वेळा गप्प बसले होते आणि त्या दोन्ही वेळी माझ्या मनात लाज नव्हती, मी बोलले तर आईला अजून एक त्रास होईल अशी भीती होती. त्याला मोकळेपणाने विचारा, चिऊबद्दल तू मुलीला स्वतः कधी सांगणार? माझं मत असं की पहिल्याच फोनमध्ये त्यानेच सांगावं, बायोडेटामध्ये एक ओळ टाकावी, बहीण, १९ वर्षं, डाऊन सिंड्रोम, आमच्यासोबत राहते. स्थळं कमी येतील हे खरं आहे, मी खोटा धीर देणार नाही. पण जी येतील ती माणसं घरात पाऊल टाकतानाच चिऊला शोधतील, आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद करून बसणार नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन या, ह्याच आठवड्यात जमलं तर बघा. काय म्हणाले ते दोन ओळीत मला कळवा, मी वाट बघतेय. आणि चिऊला सांगा, नाशिकला आले की नंदूमामा तिच्याशी कॅरम खेळायला येणार आहे, तो हरला की सोंगट्या उधळतो हे पण आधीच सांगून ठेवा.

तुमची,
ताई